सध्या काम काय करतोस?

मागच्या अंकात या सदरात मी एका जुन्या जर्मन बोलपटाबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. 'व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया', बर्लिन, १९३३. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मागं कृष्णाकाठच्या वांग्यांवर दोन पानं लिहिली होती तेव्हा एकच पत्र आलं, तेही वांगी विकणाऱ्याचं.

तो अंक हाती न लागलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. सुझान नावाची पोरगी काम शोधत नाटकवाल्यांना माणसं पुरवणाऱ्या एजंटाच्या दारात येते. काम नाही. व्हिक्टर हेम्पेल नावाचा एक नटही तिथं खेटे घालत असतो. स्वतःला हा शोकांतिकेचा मोठा नट समजतो, पोट मात्र एका हलक्या करमणुकीच्या थिएटरात बाईच्या वेशात गाण्यावर भरतो. एका रात्री त्याला सर्दी होते, घसा बसतो. त्याच्या जागी सुझान उभी राहते. म्हणजे बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाचं सोंग घेतलेली बाई! नेमका त्या रात्री प्रेक्षकांत एक एजंट असतो, तो फसतो, आणि पोरगी पुरुष म्हणून परदेशात गाजते. लंडनमध्ये एका उमद्या गृहस्थाला खरं काय ते कळतं. तो न कळल्यासारखं दाखवून तिला व्हिस्की पाजतो, सिगार ओढायला लावतो, न्हाव्याच्या खुर्चीत दाढीला बसवतो. हसून पोट दुखतं.

आता पत्रं.

काकू, सप्रेम नमस्कार. मी सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा. कुपवाडला कंत्राटी कामगार होतो, कंत्राट संपून दीड वर्ष झालं. संध्याकाळी आमच्या हौशी ग्रुपमध्ये नाटक करतो. तुमचं वाचून हा पिक्चर मोबाइलवर सबटायटल्स लावून पाहिला. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्याचं दोन अंकी रूपांतर करावं असं डोक्यात आहे. पण ग्रुपमधले म्हणतात, साडीतला पुरुष दाखवला की लोक नुसत्या शिट्ट्या मारतात. आणि घरी वडील रोज विचारतात, 'सध्या काम काय करतोस?' नाटक म्हटलं की म्हणतात, ते काम नव्हे. रूपांतर करू का? करायचं तर कसं? — अ. पा., विश्रामबाग, सांगली

अरे बाळा, वडिलांच्या प्रश्नातच तुझं नाटक आहे. नीट ऐक. मराठीत नोकरीलाही 'काम' म्हणतात आणि नाटकातल्या भूमिकेलाही 'काम'च म्हणतात. 'पोरानं काय काम केलं!' असं भावे नाट्यमंदिराच्या पायऱ्यांवर कुणी म्हणालं तर पोरानं फरशी पुसली असं कुणाला वाटत नाही. तुझ्या नाटकातल्या दोन माणसांनी पहिल्या अंकभर हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला तरी निम्मे विनोद आपोआप होतील. जर्मन माणसाला ही सोय नाही.

सुझान पुरुषाचा कोट का चढवते? तिला पुरुष व्हायची हौस नाही, मौजही वाटत नाही. तिला भूक लागलेली आहे. तुम्ही साडी पहिल्या प्रवेशात आणलीत तर शिट्ट्या पडतीलच. आधी एजंटाचा बाक दाखवा. बाकावर सहा माणसं, आत एक टेबल, बाहेर यायची वाट एकच. कोण किती वेळ आत बसला यावरून बाकीच्यांनी अंदाज बांधायचा. भूक एकदा लोकांना पटली की साडीला कुणी शिटी मारत नाही, उलट निरीला पाय अडकेल म्हणून जीव मुठीत धरतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बेकारांची नावं नोंदवायच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मी खिडकीमागं बसले. कुठल्या गावी ते विचारू नका. दिवसा खिडकी, संध्याकाळी तालीम. तिथला एक किस्सा सांगते. नव्वदच्या आसपासचा. एक मुलगा आला. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'नट'. आमच्याकडं प्रत्येक धंद्याला एक आकडा असे, तो टाकून कार्ड गठ्ठ्यात लावायचं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याला काही न विचारता फिटरच्या गठ्ठ्यात टाकला. नट म्हणजे नट-बोल्टातला नट! तीन महिन्यांनी त्याला एका वर्कशॉपचं बोलावणं गेलं. आणि पठ्ठ्या गेला की! व्हर्निअर कॅलिपर कसा धरतात त्याला ठाऊक नव्हतं, पण फिटर यंत्रापुढं कसा उभा राहतो, बोटं कशाला पुसतो, फोरमन आला की कुठं बघतो, हे त्यानं फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तासभर बसून हेरून ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकला. कार्ड बदलून घ्यायला आला तेव्हा मला म्हणाला, 'बाई, पहिल्या अंकात कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्यात लेथ आली.'

सुझानची गोष्ट याहून वेगळी कुठं आहे? तिच्या दुसऱ्या अंकात व्हिस्की येते, एवढंच.

आता रूपांतर कसं. आजच्या काळात ओढू नको. सरळ १९३३ मध्येच ठेव, फक्त बर्लिनच्या जागी सांगली-मिरज आण. कारण असं बघ. मिरजेत १९०५ साली किर्लोस्कर मंडळींच्या 'शाकुंतला'त बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले. त्याच मिरजेत त्याच वर्षी हिराबाई बडोदेकर जन्मल्या. पुढं त्यांनी भावंडांबरोबर स्वतःची नाटक मंडळी काढून नायिका रंगवल्या. म्हणजे पुरुषाची शकुंतला उभी राहिली आणि तिला सुट्टी देणारी पाळण्यात आली, गाव एक, साल एक. मग १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट पडद्यावर बोलायला लागला आणि नाटक मंडळ्यांचे तंबू हलले. १ जुलै १९३३ ला मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली. बालगंधर्व स्वतः १९३५ च्या 'धर्मात्मा' या बोलपटात धोतर-उपरण्यात एकनाथ झाले. त्यांना निदान बोलावणं आलं. बाकीच्या स्त्रीपार्टी नटांचं काय झालं असेल? वीस वर्षं रुक्मिणी केली, आता काम नाही. दाढी करायची, कुंकू लावायचं सोडायचं, आणि सावकाराकडं हिशेब लिहायला बसायचं.

तुझा व्हिक्टर हा आहे. घसा बसलेला, मंडळी बुडालेली, आणि दारात गाणारी एक पोरगी, जिला बाई म्हणून स्टेजवर पाठवायला घरचे तयार नाहीत. पण 'हा मुलगा स्त्रीपार्टी करतो' म्हटलं की सगळं चालतं. जर्मनांना साडीतला, म्हणजे झग्यातला, पुरुष ही गंमत होती. आपल्याकडं ती रीत होती. त्यामुळं आपल्या प्रेक्षकाला धक्का उलटा बसेल.

तालमीत घाम कुठं गळेल तेही सांगते, पदरावर. बाई पदर सावरते तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडं असतं, दुधाकडं, पोराकडं. स्त्रीपार्टी नट पदर सावरतो तो तिसऱ्या रांगेतल्या माणसाला दिसावा म्हणून, अर्धा क्षण जास्त रेंगाळत. तुमच्या नायिकेला स्वतःचाच पदर त्याच्यासारखा सावरायला शिकावं लागेल. प्रेक्षक तिला पुरुष समजणार ते तिच्या या जास्तीच्या नजाकतीमुळं. गडबडीत ती एकदाच बाईसारखा, न बघता, पदर खोचते आणि तेवढ्यात ओळखणारा ओळखतो. हा प्रवेश मी फुकट देते, घे. मूळ बोलपटात गाणं संपल्यावर ती केसांचा टोप काढून आखूड केस दाखवते आणि थिएटर थक्क होतं. तुमच्याकडं टोप काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचारशील तर काढू नका. नऊवारीवर टोप काढला की तमाशातला मावशीचा प्रवेश होतो.

हक्काचं विचारलं नाहीस, तरी सांगते. संवाद आणि गाणी मुळातून उचलू नको. संवाद लिहिणारा दिग्दर्शक १९५४ मध्ये वारला, गाणी बांधणारा त्यानंतर अकरा वर्षांनी. कुणाच्या हक्काची मुदत कधी संपते ते वकिलाला विचार. 'बेकार पोरगी स्त्रीपार्टी नट म्हणून उभी राहते' ही कल्पना मात्र कुणाच्या खिशातली नाही. तेवढा धागा घे, बाकी कापड तुझं. आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नको. दर वर्षी एक ग्रुप तिथं अडकतो.

वडिलांना काय सांगायचं? त्यांना विष्णुदास भाव्यांचं विचार. सांगलीत ५ नोव्हेंबरला आपण त्यांना हार घालतो, १८४३ चं 'सीतास्वयंवर' सगळ्यांना पाठ आहे. पण १८५१ मध्ये सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन गेले आणि राजाश्रय सुटला, हे भाषणात कुणी म्हणत नाही. आपल्या आद्य नाटककारावर बेकारीची पाळी आली, बाळा. म्हणून तर मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं आणि १८५३ मध्ये मुंबईत खेळ झाले. राजेसाहेब आणखी वीस वर्षं जगते तर मराठी नाटक कदाचित सांगलीच्या आयर्विन पुलापलीकडंही गेलं नसतं. (पूल तेव्हा नव्हता, ठाऊक आहे. पत्र पाठवू नका.)

वडिलांना हे पटणार नाही. नोकरीचे अर्जही करत राहा.

मा. ताई, आपला लेख आवडला, पण एक खटकले. १९३३ म्हणजे हिटलर सत्तेवर आलेले वर्ष. देशात लाखो बेकार, रस्त्यावर मारामाऱ्या, आणि हे लोक साहेबी कोट घालून गाणी म्हणतात! हा पळपुटेपणा नव्हे काय? — एक निवृत्त शिक्षक, वाई, जि. सातारा

गुरुजी, निम्मं पटलं.

हिटलर ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर झाला आणि हा बोलपट त्याच वर्षी २३ डिसेंबरला बर्लिनमध्ये लागला. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात जर्मनीत नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले होते. नोंद न झालेले वेगळे, आणि खिडकीमागं बसलेली बाई म्हणून सांगते, ते नेहमीच असतात. त्यात बोलपट आल्यामुळं मूकपटांच्या थिएटरात व्हायोलिन-पियानो वाजवणारे घरी बसले होते. तेव्हा दोन बेकार कलावंत दारोदार हिंडतात हे पाहणाऱ्याला नवं नव्हतं. एवढं त्या बोलपटात नक्की आहे. रस्ता नाही, झेंडे नाहीत, तुमचं खरं आहे.

पण करणारे कोण होते ते बघा. दिग्दर्शक राइनहोल्ट श्युन्झेल. त्याची आई ज्यू. त्या सप्टेंबरात कायदा झाला की सरकारी कलामंडळाचं सभासदत्व असल्याशिवाय कलेत कुणाला काम नाही, आणि ज्यूंना ते सभासदत्व मिळेना. श्युन्झेल खास परवानगीवर काम करत होता, परवानगी कधी काढून घेतील याचा नेम नाही. १९३७ मध्ये तो अमेरिकेला गेला. लंडनचा उमदा गृहस्थ झालेला आडोल्फ वोलब्रुक १९३६ मध्ये देश सोडून गेला. इंग्लंडात त्यानं नावातला आडोल्फ टाकला, त्याला कोण नाव ठेवेल, आणि अँटन वॉलब्रुक झाला. १९४८ च्या 'द रेड शूज'मधला बॅले कंपनीचा निर्दय मालक तो हाच. सुझान झालेली रेनाटे म्युलर १९३७ मध्ये खिडकीतून पडून गेली, वय एकतीस. अपघात की आत्महत्या की आणखी काही, यावर आजही वाद चालतात.

हे वाचून मी बोलपट पुन्हा पाहिला. पहिल्यांदा मी हसले होते त्या न्हाव्याच्या प्रवेशाला. दुसऱ्यांदा तिच्या गालाला फेस लावतात, वस्तरा उघडतात, आणि ती तोंडावरची रेषाही हलू देत नाही, तेव्हा मला हसू आलं नाही. तुम्ही जे नाही म्हणता ते मला त्या खुर्चीत दिसलं. श्युन्झेलला तसं दाखवायचं होतं असा माझा दावा नाही. मला दिसलं, एवढंच.

हा सिनेमा इंग्रजीवरून चोरलेला आहे, मी ज्युली अँड्र्यूजचा पाहिला आहे. — र. कु., कराड

उलट. ज्युली अँड्र्यूजचा १९८२ चा, जर्मन १९३३ चा. मधे १९३५ मध्ये इंग्लंडात एक झाला. आणि फ्रेंच तर जर्मनबरोबरच, त्याच सेटवर, नट बदलून. डबिंग रुळलं नव्हतं तेव्हा दोनदा चित्रण करणं हीच रीत होती. आपल्या कोल्हापूरच्या प्रभातनंही 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी असा दोनदा केला.

ताई, नमस्ते. माझा मुलगा पुण्यात नाटकात आहे. वय एकोणतीस. कधी काम असते, कधी चार-चार महिने नसते. तो सांगतो, जर्मनीत नटांना सरकार सांभाळते. खरे आहे का? आणि त्याच्या लग्नाचा बायोडाटा करतोय. 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहू? हे म्हणतात 'खाजगी नोकरी' लिही. — एक आई, मिरज

वहिनी, मुलगा अगदीच थापा मारत नाही. तिकडं शहरांची आणि राज्यांची सरकारी पैशावर चालणारी सुमारे एकशे चाळीस नाट्यगृहं आहेत, आणि त्यांत नट पगारी असतात. महिन्याला पगार, रजा, विमा. पण गोम आहे. बहुतेकांचा करार एका हंगामाचा. पुढच्या हंगामाला नको असाल तर तसं पत्र साधारण ऑक्टोबरअखेर हातात पडतं. आपली दिवाळी असते त्या सुमारास तिकडचा नट टपालाची वाट बघत नाही, टपाल न येण्याची बघतो. पंधरा वर्षं एका जागी झाली की काढणं अवघड होतं, म्हणून चौदाव्या वर्षी पत्र आल्याच्या कहाण्याही पुष्कळ.

जे असे पगारी नाहीत, स्वतःच्या जिवावर आहेत, त्यांच्यासाठी १९८३ पासून एक कलावंत निधी आहे. आजारपण आणि म्हातारपणाच्या विम्याचा निम्मा हप्ता कलावंत भरतो. उरलेला निम्मा काही सरकार आणि काही त्याच्याकडून काम करून घेणारे, प्रकाशक, नाट्यगृहं, असे मिळून भरतात. मला ही दुसरी गोष्ट फार आवडली. काम करून घेणाऱ्यानं म्हातारपणाचे चार पैसे घालायचे. आपल्याकडं नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, मिळते, कधीकधी तीही पुढच्या प्रयोगाला. आणि तिकडच्या रोजगार कचेरीत कलावंतांना काम मिळवून देणारा वेगळा विभागच आहे. म्हणजे तिथं 'नट' लिहिलेलं कार्ड फिटरच्या गठ्ठ्यात जात नाही.

आता बायोडाटा. 'खाजगी नोकरी' लिहू नका. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतील, कुठल्या कंपनीत? मग तुम्ही एक नाव सांगणार, हे दुसरं सांगणार, आणि पोहे खाऊन होईपर्यंत तुमच्या घरात तिघंजण नट होतील. त्यातला शिकलेला एकच. त्याला साखरपुड्यापर्यंत पगाराच्या स्लिपा रंगवाव्या लागतील.

सरळ 'नट' लिहा. त्याखाली गेल्या तीन वर्षांत केलेल्या कामांची नावं आणि वर्षाला हातात येणारी रक्कम, खरी. चार महिने काम नसतं तेही लिहा, उशिरा कळण्यापेक्षा बरं. टाइप करणाऱ्याला मात्र बजावून सांगा, पुढं कंसात 'रंगभूमी' घाल म्हणून. नाहीतर कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपवाल्याची मुलगी सांगून येईल, आणि सासरा पहिल्याच भेटीत व्हर्निअर हातात देईल.